प्रोस्टेट आणि मूत्राशयाची बायोप्सी वाचताना: चुका कुठे होतात, कशा टाळायच्या

प्रोस्टेटच्या सुईच्या बायोप्सीत पॅथॉलॉजिस्टसमोर येतो तो दीड-दोन सेंटीमीटर लांब आणि जेमतेम मिलिमीटरभर जाड असा धागा. त्यातला कॅन्सर कधीकधी दहा-पंधरा ग्रंथींचाच असतो. मूत्राशयाचं उलट आहे. दुर्बिणीतून खरवडून काढलेले तुकडे भरपूर येतात, पण करंटने भाजलेले, चुरगळलेले, आणि कुठला तुकडा किती खोलीवरचा हे कळायला मार्ग नसतो. नसलेला कॅन्सर लिहिला तर माणसाचं प्रोस्टेट किंवा मूत्राशय विनाकारण जातं. असलेला सुटला तर तो पुढच्या वेळी हाडात किंवा स्नायूत सापडतो.

यातल्या बऱ्याच चुका वाचन कमी पडल्याने होत नाहीत. ॲडिनोसिस (प्रोस्टेटमधली लहान ग्रंथींची साधी गर्दी) काय, फॉन ब्रुन नेस्ट (मूत्राशयाच्या अस्तरातून खाली उतरलेले साधे पेशीपुंजके) काय, सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेलं असतं. चूक होते ती क्रमात: निदान आधी सुचतं आणि मग त्याला पुरावे जमवले जातात. म्हणून खालची पद्धत कामाच्या क्रमाने दिली आहे. तिचा आग्रह असा की 'कॅन्सर' लिहिण्याआधी, तसाच दिसणारा कोणता साधा बदल आपण बाद केला त्याचं नाव घेता यावं. आणि 'कॅन्सर नाही' लिहिण्याआधी, ही बायोप्सी मुळात का झाली याचं उत्तर स्लाइडवर मिळालेलं असावं.

फॉर्म आणि डबी

रिक्विझिशन फॉर्मवर नुसतं 'प्रोस्टेट बायोप्सी' लिहून आलं असेल तर ग्रॉसिंगच्या (नमुना डोळ्यांनी पाहून, मोजून कॅसेटमध्ये भरण्याच्या) आधी फोन करायचा, स्लाइड अडल्यावर नाही. प्रोस्टेटसाठी हवं ते हे: पीएसए (प्रोस्टेटच्या प्रथिनाची रक्तातली पातळी), बोटाने तपासल्यावर गाठ लागली का, एमआरआयमध्ये संशयित जागा कुठली, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट आकसवणारी औषधं) चालू आहे का, हार्मोनचं इंजेक्शन किंवा ऑर्किडेक्टमी (अंडकोष काढणं) झाली आहे का, रेडिएशन झालंय का. मूत्राशयासाठी: आधीचा ट्यूमर आणि त्याची ग्रेड, बीसीजी (टीबीची लस) किंवा मायटोमायसिन ही मूत्राशयात सोडायची औषधं, कॅथेटर, खडा, सायक्लोफॉस्फामाइड (केमोथेरपीचं औषध), पूर्वीचा टीबी, आणि दुर्बिणीतून काय दिसलं: झुपकेदार वाढ, चपटा लाल चट्टा की घट्ट गाठ.

यातली एक ओळ राहिली तरी निदान फिरू शकतं. बीसीजी घेतलेल्या माणसाच्या प्रोस्टेटमध्ये ग्रॅन्युलोमा (दाहपेशींची गाठ) सापडणं नित्याचं आहे. ती गाठ बोटाला कॅन्सरसारखीच कडक लागते आणि पीएसएही वाढवते. आपल्याकडे टीबीचा प्रश्न वेगळा उभा राहतोच, त्यामुळे आम्लरोधी जिवाणूंचा स्टेन करावा. पण बीसीजीचा इतिहास माहीत नसताना 'क्षयरोग' असं थेट लिहून रुग्णाला सहा महिन्यांच्या औषधांवर ढकलू नये.

डबीवरचं लेबल झाकणावर नसावं, डबीच्या अंगावर असावं. झाकणं अदलाबदल होतात. सिस्टेमॅटिक (ठरलेल्या जागांवरून घेतलेल्या) बायोप्सीत साधारण १२ कोअर, म्हणजे सुईने काढलेले धागे, असतात आणि एमआरआयच्या जागेचे वेगळे. ते जागेनुसार निरनिराळ्या डब्यांत आले पाहिजेत. सगळे कोअर एकाच डबीत आले तर कॅन्सर किती कोअरमध्ये आहे हे मोजता येत नाही, कारण तुटलेला एक कोअर तीन कोअरसारखा दिसतो. युरोलॉजिस्टला हे एकदा समजावून सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

ग्रॉसिंग, ब्लॉक आणि रिबन

फॉर्मलिन १० टक्के, बफर केलेलं. कोअरसाठी निदान सहा ते आठ तास द्यावेत. मूत्राशयाचे आणि प्रोस्टेटचे चिप्स (खरवडून काढलेले तुकडे) जाड असतात, त्यांना रात्रभर. अंदाजाने पाणी घातलेल्या, बफर नसलेल्या फॉर्मलिनमध्ये न्यूक्लियस धूसर होतो, काळा रंगकण साचतो आणि पुढे आयएचसी (विशिष्ट प्रथिनं म्हणजे मार्कर रंगवून दाखवणारी तपासणी) दगा देते. प्रोस्टेटच्या निदानात न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधला ठिपका) ठळक आहे की नाही यावर बरंच काही अवलंबून असतं. जाड सेक्शन (मेणाच्या ब्लॉकमधून घेतलेला काप) किंवा गडद हिमॅटॉक्सिलिनमध्ये (निळ्या रंगात) तो दिसतच नाही. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचेच हवेत.

एका कॅसेटमध्ये एक कोअर, फार तर दोन. स्पंजच्या चकत्यांमध्ये कोअर दाबले तर ऊतकात त्रिकोणी भोकं पडतात, म्हणून ओला टिश्यू पेपर बरा. कोअर फॉर्मलिनमधून काढल्यावर क्षणभर इओसिनमध्ये (गुलाबी रंगात) बुडवला तर मेणात तो तंत्रज्ञाला दिसतो. एम्बेडिंग करताना, म्हणजे मेणात बसवताना, कोअर सपाट आणि सरळ बसला पाहिजे. तो वाकडा बसला की सेक्शनमध्ये अर्धाच येतो आणि उरलेला रफ कटिंगमध्ये जातो. ग्रॉसमध्ये लिहिलेली लांबी आणि स्लाइडवरची लांबी यांची तुलना करायची सवय लावावी. ग्रॉसला १६ मिमी आणि स्लाइडवर ७ मिमी असेल तर त्या ब्लॉकचा रिपोर्ट थांबवून खालच्या लेव्हल (ब्लॉकमधले आणखी खोलवरचे काप) मागवाव्यात.

लेव्हल पहिल्याच वेळी तीन काढाव्यात आणि मधल्या रिबनचे (सलग कापांच्या पट्टीचे) तीन-चार सेक्शन कोटेड स्लाइडवर, स्टेन न करता, ठेवून द्यावेत. खर्च वाढतो हे खरं. पण ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर (काप घेणाऱ्या यंत्रावर) लावताना तोंड तंतोतंत जुळत नाही, काही मायक्रॉन वाया जातात, आणि आठ ग्रंथींचा फोकस (संशयित जागा) नेमका त्यातच संपतो. मग आयएचसीच्या स्लाइडवर साधं प्रोस्टेट दिसतं आणि संशय तसाच राहतो.

वॉटर बाथचा (ज्यात काप तरंगवतात त्या पाण्याचा) पृष्ठभाग प्रत्येक ब्लॉकनंतर कागदाने पुसायचा. ज्या दिवशी मूत्राशयाचे पॅपिलरी (बोटांसारख्या झुपक्यांचे) ट्यूमर कापले जातात त्या दिवशी हे जास्तच पाळावं, कारण त्यांचे कण सुटून तरंगतात. स्लाइडवर कोअरपासून सुटा, वेगळ्या फोकसमध्ये दिसणारा, एकाच लेव्हलवर असलेला कॅन्सरचा तुकडा हा परक्या रुग्णाचा असू शकतो. तो पुढच्या लेव्हलमध्ये नसेल, तर त्याच दिवशी आधी कापलेल्या ब्लॉक्सची यादी पाहावी. नमुनेच बदलल्याचा दाट संशय असेल तर ब्लॉकमधल्या ऊतकाची आणि रुग्णाच्या रक्ताची डीएनए जुळणी हा मार्ग आहे. महाग आहे, पण नको त्या शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त.

प्रोस्टेटची स्लाइड

पहिली फेरी ४एक्सवर (कमी पॉवरच्या भिंगावर), सगळ्या लेव्हलच्या सगळ्या कोअरची. घाईने ४०एक्सवर गेलं की प्रत्येक न्यूक्लिओलस मोठा वाटू लागतो. लो पॉवरवर शोधायचं ते हे: आजूबाजूच्या ग्रंथींहून लहान ग्रंथींची गर्दी, मोठ्या साध्या ग्रंथींच्या मधून वाट काढणाऱ्या लहान ग्रंथी, सायटोप्लाझमचा निराळा रंग, ल्यूमेनमध्ये (ग्रंथीच्या पोकळीत) निळसर म्युसिन (चिकट स्राव), गुलाबी स्राव किंवा टोकदार स्फटिक. यातलं कुठलंही एकटं लक्षण कॅन्सर सिद्ध करत नाही. स्फटिक ॲडिनोसिसमध्येही सापडतात. साध्या ग्रंथीत सहसा न दिसणाऱ्या खुणा तीनच: मज्जातंतूला चहूबाजूंनी वेढणारी ग्रंथी, ग्लोमेरुलससारखी आतली गाठ, आणि म्युसिनभोवती जमलेल्या कोलॅजनच्या लहान गाठी. मज्जातंतूला नुसती चिकटलेली ग्रंथी मात्र साधीही असू शकते.

आता एक फोकस जवळून पाहू. कोअरच्या मध्यावर दहा-बारा लहान ग्रंथी एकत्र आहेत. सायटोप्लाझम फिकट, कडा किंचित वेड्यावाकड्या, न्यूक्लियस रांगेत नसून कुठे मधे तर कुठे वर. काही ठिकाणी सायटोप्लाझम इतका कमी की न्यूक्लियसची उंची हीच पेशीची उंची. न्यूक्लिओलस आहे, पण बारीक. एच अँड ईवर (नेहमीच्या निळ्या-गुलाबी स्टेनवर) बेसल पेशी, म्हणजे साध्या ग्रंथीभोवतीचा बाहेरचा थर, सहज दिसत नाहीत. आयएचसीत पी६३ (बेसल पेशींचा मार्कर) चार-पाच ग्रंथींत तुरळक, बाकीच्यांत शून्य. एएमएसीआर (कॅन्सरकडे बोट दाखवणारा मार्कर) सौम्य पॉझिटिव्ह. इथे 'बेसल पेशी नाहीत, एएमएसीआर आहे' एवढ्यावर कॅन्सर लिहिला जातो, आणि तो चुकीचा असतो. हे पार्शल ॲट्रोफीचं (ग्रंथी अर्धवट आकसण्याच्या साध्या बदलाचं) अगदी नमुनेदार चित्र आहे. सुईच्या बायोप्सीत कॅन्सर समजून चुकण्याचं हे सर्वात नेहमीचं कारण. ज्या ग्रंथींत पी६३ नाही त्या दिसायला पी६३ असलेल्या शेजारणींसारख्याच आहेत का, हा विचारायचा प्रश्न. तशाच असतील तर तो एकच साधा फोकस आहे. त्या वेगळ्या दिसत असतील, मोठा न्यूक्लियस आणि गडद सायटोप्लाझम घेऊन, तर गोष्ट बदलते.

फसवणारे इतर साधे बदल थोडक्यात. ॲडिनोसिस गोल लोब्यूलमध्ये असतो, बहुधा ट्रान्झिशन झोनमध्ये (प्रोस्टेटच्या आतल्या भागात), आणि त्यातल्या मोठ्या-लहान ग्रंथींचा सायटोप्लाझम एकसारखा असतो. सेमिनल व्हेसिकलचा (शुक्राशयाचा) तुकडा कोअरमध्ये आला तर अवाढव्य, काळपट, पुसट न्यूक्लियस बघून दचकायला होतं. तिथे सोनेरी-तपकिरी रंगकण शोधावा, मायटोसिस नसतात आणि पॅक्स-८ हा मार्कर पॉझिटिव्ह येतो. काउपर ग्रंथींत म्युसिनने फुगलेल्या लहान ग्रंथी एका नलिकेभोवती, कंकाल स्नायूच्या सोबतीने असतात. स्क्लेरोझिंग ॲडिनोसिसमध्ये बेसल पेशी एस-१०० आणि ॲक्टिन हे मार्कर धरतात. झॅन्थोमाच्या (चरबीने भरलेल्या हिस्टिओसाइट या दाहपेशींच्या गाठीच्या) पेशी हाय ग्रेड कॅन्सरसारख्या पसरतात. सीडी६८ (हिस्टिओसाइटचा मार्कर) आणि केराटिन (अस्तर आणि ग्रंथींच्या पेशींचा मार्कर) एकत्र लावले की प्रश्न मिटतो. गुदाशयाच्या भिंतीचा चुरगळलेला तुकडा कोअरसोबत येतो, तो तर नेहमीचाच.

सुटणारे कॅन्सर ही दुसरी बाजू, आणि तिच्याकडे दुर्लक्ष जास्त होतं. फोमी ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये न्यूक्लियस लहान आणि गडद असतो, न्यूक्लिओलस दिसत नाही. ओळख पटते ती फेसाळ, भरपूर सायटोप्लाझम आणि ल्यूमेनमधल्या घट्ट गुलाबी स्रावावरून. स्यूडोहायपरप्लास्टिक प्रकारात ग्रंथी मोठ्या, घड्या असलेल्या, हायपरप्लेझियासारख्या. पण गर्दी फार आणि ल्यूमेनची कड सरळ. ॲट्रोफिक प्रकार ॲट्रोफीत लपतो. या तिन्ही प्रकारांत एएमएसीआर निगेटिव्ह येण्याचं प्रमाण नेहमीच्या कॅन्सरपेक्षा जास्त. हार्मोनच्या उपचारांनंतर उरलेल्या पेशी सुट्या, पोकळ, बारीक न्यूक्लियसच्या असतात आणि लिम्फोसाइट किंवा हिस्टिओसाइट म्हणून नजरेआड होतात. अशा रुग्णात सगळ्या कोअरवर केराटिन लावणं योग्यच.

आयएचसी कधी आणि किती

संशयित फोकस असेल तिथेच. प्रत्येक कोअरवर मार्करचं कॉकटेल लावून बसलं तर साध्या ग्रंथींचे विचित्र निकाल समोर येतात आणि नवे गोंधळ सुरू होतात. उघड कॅन्सरवर आयएचसीची गरज नाही, एच अँड ईवर आधी मत बनवून मगच मार्कर पाहावा. बेसल पेशींसाठी पी६३ आणि हाय मॉलिक्युलर वेट केराटिन किंवा सीके५/६, सोबत एएमएसीआर. त्याच स्लाइडवरच्या साध्या ग्रंथींत बेसल थर नीट रंगला आहे का, हे पहिल्यांदा बघायचं; तो रंगला नसेल तर स्लाइड बाद.

एएमएसीआर हाय ग्रेड पिन (ग्रंथीच्या आतच असलेला कॅन्सरपूर्व बदल), ॲडिनोसिस, पार्शल ॲट्रोफी आणि नेफ्रोजेनिक ॲडिनोमा (मूत्रमार्गातली साधी वाढ) या सगळ्यांत येऊ शकतो. नेफ्रोजेनिक ॲडिनोमा तर मुद्दाम फसवण्यासाठीच असावा असा: लहान ग्रंथी, बेसल पेशी नाहीत, एएमएसीआर पॉझिटिव्ह. पॅक्स-८ मागवला की तो उघडा पडतो. उलट, क्वचित एखाद्या प्रोस्टेट कॅन्सरमध्येच पी६३ अनपेक्षितपणे पसरलेला दिसतो. तिथे कॅन्सरच्या पेशी स्वतः रंगतात, भोवतीचा थर नाही. आणि क्रिब्रिफॉर्म (चाळणीसारख्या) किंवा गच्च भरलेल्या मोठ्या ग्रंथीभोवती बेसल थर सापडला म्हणून लगेच 'हाय ग्रेड पिन' लिहू नये. तो इंट्राडक्टल कार्सिनोमा (नलिकांच्या आत पसरलेला कॅन्सर) असू शकतो, आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा आक्रमक कॅन्सर असतो.

सगळं करूनही फोकस ठरत नसेल तर 'संशयास्पद लहान ग्रंथी, निश्चित निदानासाठी अपुऱ्या' असं लिहिणं हे प्रामाणिक निदान आहे. पण ते एखाद्या लॅबच्या रिपोर्टमध्ये वरचेवर येत असेल तर दोष बायोप्सीचा नसून सेक्शनचा किंवा धास्तीचा असतो. शंभरातल्या पाचांहून कमी बायोप्सींत हा शेरा असावा.

ग्लीसन

ग्लीसनची पद्धत, म्हणजे ग्रंथींच्या रचनेवरून (पॅटर्नवरून) प्रोस्टेट कॅन्सरची ग्रेड देणं, १९६६ची, पण आज वापरतो ती २०१४ च्या बदलांसह: ३+३ म्हणजे ग्रेड ग्रुप १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३, बेरीज ८ म्हणजे ४ आणि ९-१० म्हणजे ५. सुईच्या बायोप्सीत १ आणि २ हे पॅटर्न देत नाहीत. क्रिब्रिफॉर्म आणि ग्लोमेरुलॉइड ग्रंथी नेहमी ४. जास्त चुका होतात त्या 'अपुऱ्या तयार झालेल्या' ग्रंथींवर: चांगल्या ३ नंबरच्या ग्रंथींमध्ये दोन-चार ग्रंथी ल्यूमेनशिवाय दिसल्या तर बहुतेक वेळा त्या तिरक्या कापल्या गेलेल्या असतात. अशा ग्रंथींचा वेगळा घोळका असेल आणि तो पुढच्या लेव्हलवरही टिकत असेल, तरच ४ द्यावा. ३+३ आणि ३+४ यातला फरक रुग्णाला नुसत्या निरीक्षणावर ठेवायचं की ऑपरेशन करायचं हे ठरवतो, म्हणून ग्रेड ग्रुप २ आणि ३ मध्ये पॅटर्न ४ किती टक्के हे लिहावंच. बायोप्सीत सर्वात जास्त असलेला पॅटर्न आणि सर्वात वाईट पॅटर्न जोडायचे, वाईट थोडासाच असला तरी. हार्मोन उपचारांचा परिणाम दिसत असेल तर ग्रेड देऊ नये; तो खोटाच जास्त येतो.

प्रोस्टेटचे चिप्स

टीयूआरपीचे (दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याच्या शस्त्रक्रियेचे) चिप्स आधी तोलायचे. १२ ग्रॅमपर्यंत सगळे घालायचे, साधारण सहा ते आठ कॅसेट. त्यापुढे दर ५ ग्रॅमला एक कॅसेट. पिवळसर, कडक चिप्स आधी उचलावेत. अनपेक्षित कॅन्सर ५ टक्के किंवा त्याहून कमी ऊतकात सापडला तर उरलेलं सगळं घालायचं, कारण टी१ए आणि टी१बी या स्टेजची सीमा तिथेच आहे.

मूत्राशय

इथला सर्वात मोठा प्रश्न स्नायूचा. मस्क्युलरिस प्रोप्रिया, म्हणजे डेट्रुसर, जाड आणि घट्ट गठ्ठ्यांत असतो. मस्क्युलरिस म्युकोझी लॅमिना प्रोप्रियातच (अस्तराखालच्या थरात) असते: बारीक, तुटक धागे, शेजारी मोठ्या रक्तवाहिन्या. ती जाड झाली की डेट्रुसरसारखी दिसते आणि टी१ चा (लॅमिना प्रोप्रियापर्यंतच्या ट्यूमरचा) टी२ (डेट्रुसरमध्ये शिरलेला) होतो. म्हणजे मूत्राशय काढण्याचा सल्ला. ठरत नसेल तर लेव्हल, मग स्मूथेलिन हा मार्कर. तो डेट्रुसरमध्ये जोरात आणि म्युकोझीत फिका येतो, पण दोन्हींचे निकाल एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एकट्या त्याच्या भरवशावर स्टेज ठरवू नये. शेवटी शंका राहिलीच तर 'स्नायूचा प्रकार ठरवता येत नाही' असं लिहून पुन्हा रिसेक्शन (दुर्बिणीतून खरवडणं) सुचवावं. टी२ए आणि टी२बी हे चिप्सवर ठरत नाहीत. चरबीत ट्यूमर दिसला म्हणून टी३ही नाही. चरबी लॅमिना प्रोप्रियात आणि स्नायूतही असते.

सर्जनला सांगून ट्यूमरचा तळ वेगळ्या डबीत मागवावा. रिपोर्टमध्ये 'डेट्रुसर आहे, बाधित नाही', 'आहे, बाधित आहे' किंवा 'नाही' यापैकी एक ओळ असलीच पाहिजे. हाय ग्रेड किंवा टी१ ट्यूमरमध्ये ती नसेल तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा रिसेक्शन करायचं की नाही हे युरोलॉजिस्टला ठरवता येत नाही. पहिल्या कॅसेटमध्ये आक्रमण नाही आणि ट्यूमर हाय ग्रेड आहे, तर उरलेले सगळे चिप्स घालावेत.

लॅमिना प्रोप्रियातलं आक्रमण ओळखायला दोन खुणा उपयोगी: वेडेवाकडे पुंजके किंवा सुट्या पेशी, आणि खोल गेलेल्या पेशींना अचानक आलेला भरपूर गुलाबी सायटोप्लाझम. पॅपिलाच्या बुडाशी तिरका काप, फॉन ब्रुन नेस्टमध्ये उतरलेला सीआयएस (कार्सिनोमा इन सिटू, अस्तरातच असलेला चपटा हाय ग्रेड कॅन्सर) आणि करंटची भाजणी या तिन्हींमुळे खोटं आक्रमण दिसतं. गोल, गुळगुळीत कड असलेला पुंजका आक्रमण समजू नये. केराटिनने सुट्या पेशी दिसतात, पण शस्त्रक्रियेनंतरच्या मायोफायब्रोब्लास्टही केराटिन धरू शकतात, हे विसरू नये.

सीआयएस बहुधा सुटतो तो पेशीच उरलेल्या नसल्यामुळे. बायोप्सीच्या पृष्ठभागावर युरोथेलियम (मूत्राशयाचं अस्तर) नाही, खाली रक्तवाहिन्या फुगलेल्या, आणि फॉर्मवर 'लाल चट्टा' किंवा सायटॉलॉजीत (लघवीतल्या पेशींच्या तपासणीत) हाय ग्रेड पेशी: अशा वेळी 'क्रॉनिक सिस्टायटिस' लिहून मोकळं होणं ही गंभीर चूक. लेव्हल काढाव्यात, फॉन ब्रुन नेस्ट तपासावेत, कडेला चिकटून राहिलेल्या दोन-तीन पेशी बघाव्यात. मोजमाप शेजारच्या लिम्फोसाइटशी करायचं: साध्या युरोथेलियमचा न्यूक्लियस त्याच्या दुप्पट, सीआयएसचा चार-पाच पट. छत्रीपेशींचा (अस्तराच्या सर्वात वरच्या पेशींचा) न्यूक्लियस मुळातच मोठा असतो, त्यावर जाऊ नये. मार्करमध्ये सीके२० पूर्ण जाडीत, पी५३ जोरदार आणि सीडी४४ हरवलेला, हे सीआयएसचं चित्र. रिॲक्टिव्ह बदलांत सीके२० फक्त छत्रीपेशींत आणि सीडी४४ पूर्ण जाडीत असतो. रेडिएशन, सायक्लोफॉस्फामाइड आणि पॉलिओमा विषाणू यांनी पेशी भयंकर दिसू शकतात. फॉर्मवरची ती ओळ इथे कामी येते.

नेस्टेड कार्सिनोमा हा सर्वात धोकादायक मित्रवेशातला शत्रू. पेशी सौम्य, पुंजके फॉन ब्रुनसारखे, आणि बायोप्सी वरवरची. पुंजके लहान-मोठे, एकमेकांना खेटलेले, खालची कड असमान असेल तर 'सिस्टायटिस सिस्टिका' लिहिण्याआधी खोल बायोप्सी मागावी. प्लाझ्मासायटॉइड प्रकारात सुट्या पेशी प्लाझ्मा पेशींसारख्या असतात आणि गंमत म्हणजे सीडी१३८ ही पॉझिटिव्ह येतो; केराटिन लावलं नाही तर निदान थेट मायलोमाच्या (प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरच्या) वाटेला जातं.

पॅपिलरी ट्यूमरमध्ये वाईट भागावरून ग्रेड द्यायची. हाय ग्रेड भाग ५ टक्क्यांहून कमी असेल तर लो ग्रेड लिहून तो भाग वेगळा नोंदवावा. कॅथेटरमुळे होणाऱ्या पॉलिपॉइड सिस्टायटिसच्या बोटांचं बूड रुंद आणि स्ट्रोमा सुजलेला असतो, पॅपिलाचा गाभा मात्र बारीक.

स्क्वेमस बदल फार दिसले तर खडा आणि जुना कॅथेटर विचारावा, शिवाय प्रवासही. मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस (कृमींचा आजार) आपल्याकडे दुर्मिळ, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात तो १९५२ मध्ये नोंदवला गेला होता. आफ्रिका किंवा पश्चिम आशियात राहून आलेल्या माणसाच्या बायोप्सीत काटा असलेली अंडी शोधायला दोन मिनिटं पुरतात.

ब्लॅडर नेकवर (मूत्राशयाच्या तोंडाशी) हाय ग्रेड ट्यूमर आला की तो प्रोस्टेटचा की युरोथेलियमचा, हा प्रश्न मार्करच्या पॅनेलनेच सोडवावा: पीएसए, एनकेएक्स३.१ एका बाजूला. गाटा-३, पी६३, हाय मॉलिक्युलर वेट केराटिन दुसऱ्या. उपचार पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे एका मार्करवर विसंबू नये. उपचार झालेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये पीएसए हरवतो, आणि रेडिएशन घेतलेल्या साध्या प्रोस्टेट ग्रंथींच्या बेसल पेशी गाटा-३ धरतात.

रिपोर्ट सोडण्याआधी

पहिल्यांदाच कॅन्सर लिहिला जात असेल आणि फोकस १ मिमीहून लहान असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पाहिलीच पाहिजे, पहिल्याचं मत न ऐकता. एकट्याची लॅब असेल तर स्लाइडचे फोटो पुरत नाहीत, स्लाइडच पाठवावी. प्रत्येक कोअरची लांबी, कॅन्सरची लांबी, ग्रेड ग्रुप, पेरिन्यूरल (मज्जातंतूभोवतीचं) आक्रमण, क्रिब्रिफॉर्म किंवा इंट्राडक्टल भाग हे सगळं एका ठरलेल्या साच्यात भरावं. मोकळ्या परिच्छेदात एखादी गोष्ट राहून जातेच.

चूक लक्षात आली तर जुना रिपोर्ट पुसायचा नाही. तारखेसह सुधारित रिपोर्ट काढून उपचार करणाऱ्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करायचा, आणि फोन कोणाशी झाला हे रिपोर्टवर लिहायचं. रुग्ण दुसऱ्या मतासाठी मुंबईला किंवा इतरत्र ब्लॉक नेतो तेव्हा ज्या लेव्हलवर फोकस दिसला ती मूळ एच अँड ई आणि आयएचसीच्या स्लाइडही त्याच्यासोबत द्याव्यात. नुसता ब्लॉक गेला तर तिकडच्या नव्या सेक्शनमध्ये तो फोकस संपलेला असतो, आणि दोन लॅबचे दोन रिपोर्ट हातात घेऊन रुग्ण परत तुमच्याच दारात येतो.